दुसऱ्याची प्रार्थना, आपला गळा

आयर्लंडची राजधानी डब्लिनपासून थोडे दक्षिणेला, समुद्राच्या काठावर ब्रे नावाचे गाव आहे. ८ ऑगस्ट २०२३ रोजी या गावचा किनाऱ्यालगतचा रस्ता माणसांनी भरून गेला होता. गर्दीतून एक जुनी फोक्सवॅगन व्हॅन सावकाश पुढे सरकत होती. तिच्यावर स्पीकर बसवलेले होते आणि त्यांतून जमैकाच्या बॉब मार्लीचे गाणे वाजत होते. मागच्या गाडीत मय्यत होती. लोक तिच्यावर फुले टाकत होते, काही जण टाळ्या वाजवत होते, काही नुसते रडत होते. त्याआधी घरच्यांच्या आणि निवडक पाहुण्यांच्या उपस्थितीत डब्लिनचे इमाम शेख उमर अल-कादरी यांनी अंत्यविधीची दुआ केली होती. देशाचे राष्ट्राध्यक्ष मायकल हिगिन्स त्या वेळी हजर होते.

रस्त्यावरची बहुतेक गर्दी कॅथलिक ख्रिस्ती घरांतली, जनाजा मुस्लीम आणि गाणे जमैकातल्या रास्ताफारी पंथाच्या गायकाचे! गेलेली बाई होती गायिका शिनेड ओ'कॉनर. कलमा पढल्यावर तिने शुहदा सदाकत हे नाव घेतले होते, पण गाणे शेवटपर्यंत जुन्याच नावाने केले. २६ जुलै २०२३ रोजी लंडनमध्ये ती गेली, तेव्हा ५६ वर्षांची होती.

ज्यांच्या घरी नव्वदच्या दशकात केबल टीव्ही आला, त्यांना कदाचित तिचा चेहरा आठवेल. डोक्याचे केस पूर्ण काढलेली, मोठ्या डोळ्यांची एक मुलगी थेट कॅमेऱ्याकडे बघत गाते आणि गाता गाता तिच्या गालावरून अश्रू ओघळतो. १९९० साली ते गाणे जगभर गाजले. ते तिने लिहिलेले नव्हते. अमेरिकेच्या प्रिन्स या गायकाने ते काही वर्षांपूर्वी लिहिले होते. इंग्रजी संगीताच्या बाजारात दुसऱ्याचे गाणे पुन्हा गाण्याला 'कव्हर' म्हणतात आणि त्यात थोडा कमीपणाही मानतात. आपल्याला हा कमीपणा चटकन समजत नाही. घोडेगावातल्या एखाद्या भजनी मंडळाला कोणी विचारत नाही, की अभंग तुमचे स्वतःचे आहेत की तुकोबांचे. उरुसात कव्वाल अमीर खुसरोंचे कलाम गातो, तेव्हा तो उसने गाणे गातो असेही कोणाला वाटत नाही. शिनेड याच जातीची गायिका होती. स्वतःची गाणी तिने पुष्कळ लिहिली, पण दुसऱ्याचे गाणे हाती आले की ते जणू तिच्याच पोटातून निघाले आहे, असे वाटायचे.

तिचे बालपण मात्र कोणाच्या वाट्याला येऊ नये असे होते. ८ डिसेंबर १९६६ चा जन्म. आई-वडील विभक्त. आई मारझोड करायची, हे तिने पुढे उघडपणे सांगितले आणि २०२१ साली आलेल्या 'रिमेम्बरिंग्ज' या आत्मकथनात लिहिलेही. चोऱ्या करते म्हणून किशोरवयात तिला डब्लिनमधल्या एका संस्थेत ठेवले गेले. ही संस्था नन चालवत. आयर्लंडमध्ये अशा संस्थांचा इतिहास वाईट आहे. 'बिघडलेल्या' ठरवलेल्या मुली-बायकांना तिथे कोंडून कपडे धुण्याच्या कामाला जुंपले जाई आणि कित्येक जणी त्या भिंतींआडच म्हाताऱ्या झाल्या. त्यांतल्या काही म्हाताऱ्या शिनेडने जवळून पाहिल्या. पण त्याच संस्थेतल्या एका ननने या मुलीचा आवाज ओळखून तिला गिटार आणून दिली. चर्चने दिलेली जखम आणि चर्चच्या माणसाने दिलेले वाद्य, दोन्ही ती जन्मभर बरोबर घेऊन फिरली. तिच्यावर लिहिणारे बरेच जण जखमेवर थांबतात. गिटार विसरली जाते.

आई १९८५ मध्ये मोटार अपघातात गेली. तिच्या खोलीतल्या भिंतीवर पोप जॉन पॉल दुसरे यांचा फोटो होता, तो मुलीने काढून जपून ठेवला. ३ ऑक्टोबर १९९२ च्या रात्री न्यूयॉर्कच्या 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या थेट प्रक्षेपणाच्या कार्यक्रमात तिने बॉब मार्लीचे 'वॉर' हे गाणे नुसत्या गळ्यावर, वाद्यांशिवाय म्हटले. या गाण्याचे शब्द मुळात इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी यांनी १९६३ साली संयुक्त राष्ट्रांत वंशभेदाविरुद्ध केलेल्या भाषणातले. शिनेडने त्यात लहान मुलांवरच्या अत्याचाराचा उल्लेख घातला आणि शेवटी तोच फोटो कॅमेऱ्यासमोर फाडला.

अमेरिकेत वादळ उठले. तिच्या रेकॉर्डवर रोडरोलर फिरवला गेला. दोनच आठवड्यांनी एका मोठ्या समारंभात ती मंचावर आली, तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. ठरलेले गाणे बाजूला ठेवून तिने पुन्हा 'वॉर'च म्हटले आणि उतरून गेली. चर्चच्या संस्थांत मुलांवर काय झाले, याचे सरकारी चौकशी अहवाल आयर्लंडमध्ये २००९ साली बाहेर आले, आणि २०१० मध्ये पोप बेनेडिक्ट यांनी आयरिश कॅथलिकांना पत्र लिहून खेद व्यक्त केला. म्हणजे ती बोलली त्यानंतर सतरा-अठरा वर्षांनी. फोटो फाडणे कोणाच्याही श्रद्धेला लागणारेच होते, हे खरे. पण ती देवावर रागावली नव्हती. देवाच्या नावावर चाललेल्या कारभारावर तिचा राग होता, आणि तो व्यक्त करायला तिने निवडले ते एक रेगे गाणे.

रेगे म्हणजे जमैका बेटावर साठच्या दशकात घडलेले संगीत. आपल्या कानाला ते आधी जरा चकवते, कारण आपण जिथे समेवर जोर धरून टाळी देतो, तिथे रेगेत अनेकदा मोकळी जागा सोडलेली असते. ढोलाचा ठोका पुढे सरकून पडतो आणि गिटार मधल्या फटींतून बोलते. अंगाला आपोआप झुलवणारी ही लय आहे, त्यामुळे कित्येकांना ती मौजमजेची वाटते. प्रत्यक्षात तिच्यातला मोठा हिस्सा भक्तिगीतांचा आहे. गुलाम म्हणून आफ्रिकेतून आणलेल्या लोकांच्या वंशजांनी १९३० च्या दशकात तिथे रास्ताफारी पंथ उभा केला. इथिओपिया ही त्यांची पवित्र भूमी, हैले सेलासी त्यांच्या श्रद्धेच्या केंद्रस्थानी, देवाचे नाव 'जाह', आणि जुलमी जगाचे नाव 'बॅबिलॉन'. त्यांच्या गाण्यांत सगळ्यात जास्त पाझरला आहे तो बायबलमधला स्तोत्रांचा भाग.

ही स्तोत्रे मुस्लीम वाचकाला परकी नाहीत. तौरात, जबूर, इंजील आणि कुरआन या अल्लाहने उतरवलेल्या किताबांवर ईमान ठेवणे हा मुसलमानाच्या श्रद्धेचाच भाग आहे. त्यांतली जबूर हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांच्यावर उतरली. ख्रिस्ती आणि यहुदी लोक ज्यांना राजा दावीद म्हणतात, ते हेच. दाऊद नबींचा गळा असा, की ते अल्लाहची स्तुती करू लागले की डोंगर आणि पाखरे त्यांना साथ देत, असा उल्लेख कुरआनात आहे. आज मुस्लीम घरांत गोड गळ्याला 'लहने दाऊदी' म्हणतात ते त्यावरूनच. इथिओपिया म्हणजे आपल्या जुन्या बोलण्यातली हबशा. इस्लामच्या सुरुवातीच्या दिवसांत मक्केतून छळाला कंटाळून निघालेल्या मुसलमानांना आसरा दिला तो तिथल्या ख्रिस्ती राजाने. पहिली अजान देणारे हजरत बिलाल हबशी वंशाचेच. आणि जुन्नर-आंबेगावच्या वाचकाला तर हबशा आणखी जवळची आहे. तिथेच जन्मलेल्या मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला निजामशाही सावरून धरली, तेव्हा काही काळ तिची राजधानी जुन्नरला होती.

शिनेड २००५ साली जमैकाला गेली. राजधानी किंग्स्टनमध्ये बॉब मार्लीने उभारलेला टफ गाँग हा स्टुडिओ आहे. तिथे तिने 'थ्रो डाऊन युअर आर्म्स' हा अल्बम केला. 'शस्त्रे खाली टाका' असा त्या नावाचा अर्थ. साथीला ड्रमवर स्लाय डनबार आणि बासवर रॉबी शेक्सपिअर, म्हणजे रेगेतली सर्वांत नावाजलेली जोडी. गाणी सगळी इतरांची: बर्निंग स्पिअर, पीटर टॉश, ली पेरी, मार्ली. त्यात 'द अॅबिसिनियन्स' या गटाचे एक गाणे आहे, त्याचे धृपद इथिओपियाच्या अम्हारिक भाषेत देवाचे आभार मानते. डब्लिनची बाई जमैकाच्या लोकांकडून हबशी भाषेतली हम्द शिकते आणि गाते, हे चित्रच पुरेसे बोलके आहे.

तिने या गाण्यांच्या चाली फारशा बदलल्या नाहीत. आपला शहाणपणा दाखवायला नवे काही घुसवले नाही. त्यामुळे काही समीक्षकांना अल्बम फार आज्ञाधारक वाटला. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण तो आज्ञाधारकपणा तिने जाणूनबुजून पत्करला होता. ही दुसऱ्या लोकांची प्रार्थना आहे, मी तिच्यात शेवटच्या रांगेत उभी आहे, असा तो स्वर आहे. तरीही एक प्रश्न उरतोच. गोऱ्या आयरिश बाईने काळ्या लोकांच्या सोसण्यातून उगवलेली भक्तिगीते गावीत का? ज्याचा पंथ नाही, त्याने त्या पंथाचे गाणे गायले तर ते खरे कसे असेल?

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. त्याचे एक उत्तर मिरजेत, हजरत ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात विसावले आहे. तिथे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे.

खाँसाहेब १८७२ चे, उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचे. किराणा घराणे हे नाव त्याच गावावरून पडले. बडोदा दरबार सोडून ते महाराष्ट्रात आले आणि बराच काळ मिरजेला राहिले. प्लेगच्या आजारातून मीरासाहेबांच्या दर्ग्यात गायल्यावर ते बरे झाले, अशी आख्यायिका मिरजकर अजूनही सांगतात. १९१३ मध्ये त्यांनी पुण्यात संगीताची शाळा काढली. एका पठाणी बांध्याच्या साफ्याच्या उस्तादाने काढलेल्या या शाळेचे नाव होते आर्य संगीत विद्यालय. आज हे नाव ऐकून कोणाची भुवई उंचावेल. तेव्हा पुण्यातल्या घरांतून मुले तिथे शिकायला जात होती.

त्यांच्या तबकड्या काढून पाहाव्यात. जमुनेच्या तीरावरच्या कान्ह्याची भैरवी आहे. खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकातले 'चंद्रिका ही जणू' हे मराठी पद आहे. आणि कर्नाटक संगीतातल्या त्यागराजांची, रामाला उद्देशून केलेली तेलुगू रचनाही आहे. उत्तरेकडच्या उस्तादाने दक्षिणेची कृती गाऊन ती तबकडीवर उतरवणे, हे त्या काळी जवळजवळ न घडणारे काम होते. म्हैसूर दरबारात जाऊन-येऊन त्यांनी ते संगीत ऐकले, त्यातली सरगम आपल्या गायकीत आणली. मातृभाषा मराठी नाही, तेलुगू तर नाहीच. उच्चारांत कुठे कुठे ते जाणवतेही. पण खाँसाहेबांचा सूर लागला की उच्चाराचा हिशेब मागे पडतो. पाच वेळचा नमाजी माणूस रामाचे, कृष्णाचे नाव एवढ्या आर्ततेने घेतो, त्यात त्याला आपला धर्म सोडावा लागत नाही, आणि ऐकणाऱ्यालाही आपला बाजूला ठेवावा लागत नाही.

त्यांचे आयुष्यही सरळ गेले नाही. ताराबाई माने यांच्याशी संसार झाला, तो १९२२ च्या सुमारास मोडला आणि मुले आईबरोबर गेली. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे ही त्यांचीच मुले. ज्या घरात हे सूर घडले, ते घर टिकले नाही, हे या कथेतले दुःख आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. सूर मात्र पुढे गेले. खाँसाहेबांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर म्हणजे सवाई गंधर्व. झिंझोटीतली खाँसाहेबांची तबकडी ऐकून वेडावलेला, गदगच्या बाजूचा एक मुलगा घर सोडून गुरू शोधत निघाला आणि शेवटी सवाई गंधर्वांपाशी पोहोचला. त्या मुलाचे नाव भीमसेन जोशी. आषाढीच्या दिवसांत आपल्याकडे ज्यांची अभंगवाणी हमखास लागते, त्यांच्या गळ्यात मिरजेच्या दर्ग्यातला सूर होता, हे ऐकताना लक्षात येत नाही, आणि ते बरेच आहे.

शिनेडकडे परत येऊ. जमैकानंतर दोन वर्षांनी, २००७ मध्ये तिचा 'थिऑलॉजी' आला. थिऑलॉजी म्हणजे ईश्वरविद्या. नाव भारदस्त आहे, गाणी तशी नाहीत. तीच गाणी दोन तबकड्यांवर दोनदा: एकदा डब्लिनमध्ये जवळजवळ नुसत्या गिटारवर आणि एकदा लंडनमध्ये पूर्ण वाद्यवृंदासह. दोन्ही ऐकल्यावर बहुतेकांना पहिलीच जवळची वाटेल. रेगे अल्बममध्ये तिने जबूरचे पाणी जमैकाच्या ओंजळीतून प्यायले होते. इथे ती थेट झऱ्यावर गेली. जबूरमधली स्तोत्रे, यशया आणि यिर्मया या नबींची वचने तिने साध्या शब्दांत बांधून गायली.

त्यांतले एक गाणे नारायणगाव-जुन्नरच्या द्राक्षबागायतदाराला न समजावता कळेल. यशयाच्या वचनातला मळेवाला दगड वेचून जमीन तयार करतो, उत्तम वेल लावतो, राखणीला मनोरा बांधतो, रसाचे कुंड खणतो आणि घड येतात ते आंबट, रानटी. मग तो लोकांनाच विचारतो, आणखी काय करायचे राहिले होते माझ्याकडून? अल्लाहच्या तक्रारीचा हा सूर आहे, शिक्षेचा नंतर. आयर्लंडमध्ये बाँब आणि बंदुकांची तीसेक वर्षे पाहिलेल्या पिढीच्या बाईने, इराक युद्ध पेटलेले असताना हे गाणे निवडले होते. धर्माच्या नावाने चालणाऱ्या युद्धांत देव कोणाच्या बाजूचा, यावर सगळे भांडतात. देवाला काय वाटत असेल, हे विचारणारी गाणी फार थोडी असतात.

ऑक्टोबर २०१८ मध्ये तिने इस्लाम स्वीकारल्याचे जाहीर केले. धर्मग्रंथांच्या अभ्यासाचा स्वाभाविक शेवट इथे झाला, अशा अर्थाचे ती बोलली. त्याआधी १९९९ मध्ये एका स्वतंत्र कॅथलिक गटाकडून तिने पुरोहितपदाची दीक्षाही घेतली होती. त्यामुळे काहींनी नवे खूळ म्हणून हसून सोडले. आपल्याकडे ती बातमी मोबाइलवरून एका बाजूने मिठाईसारखी फिरली, दुसऱ्या बाजूने टिंगल म्हणून. दोन्ही बाजूंना बाईपेक्षा बातमीचाच उपयोग जास्त होता. तिला कोणी जिंकले नव्हते आणि कोणी पळवलेही नव्हते. तीस वर्षे एकाच गोष्टीचा माग काढत ती आली होती आणि त्या वाटेवरच्या खुणा तिच्या अल्बममध्ये पडलेल्या आहेत.

नवमुस्लीम झाल्यावर महिनाभरात तिने गैरमुस्लिमांबद्दल समाजमाध्यमावर अत्यंत कडवट शब्द लिहिले. ते चूकच होते. पुढच्या वर्षी तिने त्याबद्दल जाहीर माफी मागितली, त्या वेळी आपले मन ठिकाणावर नव्हते असेही सांगितले. मानसिक आजार तिने कधी लपवला नाही. जानेवारी २०२२ मध्ये तिचा सतरा वर्षांचा मुलगा गेला, त्यानंतर ती फारशी सावरली नाही.

२०१९ साली आयर्लंडच्या टीव्हीवर ती लाल अबाया आणि हिजाबमध्ये आली आणि १९९० चे ते जुने प्रेमगीत गायली. डोके आता झाकलेले होते. आवाज थोडा खाली उतरला होता आणि पहिल्यापेक्षा जास्त भरला होता.

खाँसाहेब अब्दुल करीम खाँ २७ ऑक्टोबर १९३७ रोजी गेले. रमजान दहाएक दिवसांवर आला होता. मद्रासचा कार्यक्रम आटोपून ते आगगाडीने पाँडिचेरीला अरविंदबाबूंच्या आश्रमात गायला निघाले होते. वाटेत छातीत दुखू लागले म्हणून सिंगपेरुमाळ कोविल या छोट्या स्टेशनावर उतरले. फलाटावर अंथरूण घातले गेले. त्यांनी नमाज अदा केली, तंबोऱ्यावर दरबारीत प्रार्थना गायली आणि आडवे झाले. मय्यत मिरजेला आणली. दरवर्षी उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाण्याच्या मैफली होतात, देशभरातले गायक-वादक हजेरी लावायला येतात.

शिनेडच्या गाण्याचा असा उरूस अजून कुठे भरत नाही. पण इस्लाम स्वीकारल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत तिने अजान म्हणून तिचे चित्रण लोकांसमोर ठेवले होते. हातात कागद होता. भावना दाटून आल्या, नजर कागदावरून हटली आणि काही उच्चार चुकले, हे तिने स्वतःच खाली लिहून टाकले होते. ही पहिली आहे, पुढे आणखी होतील, असेही.